ऐतिहासिक कागदांची घटना आणि एक्सएमएल आराखडा : खानदेशातील साधनांच्या संदर्भात घटकांचा क्रम व पुनरावृत्ती यांचा विचार

सारांश : मराठ्यांच्या इतिहासाची मोडी साधने संगणकावर आणताना प्रत्येक कागद कोणकोणत्या घटकांनी बनतो, ते घटक कोणत्या क्रमाने येतात आणि किती वेळा येतात, हे आराखड्यात आधी नमूद करावे लागते. जुन्या कागदांत हा क्रम अंशतः ठरलेला आणि अंशतः लवचीक असतो. क्रम व पुनरावृत्ती व्यक्त करण्याची एक्सएमएल आराखड्यांची क्षमता १९८६ ते २०१२ या काळात कशी बदलत गेली आणि धुळे-जळगाव परिसरातील साधनांना ती कितपत पुरी पडते, याचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

बीजसंज्ञा : मोडी कागद, मायना, महजर, बाड, एक्सएमएल, आराखडा, क्रम, पुनरावृत्ती.

प्रस्तावना

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले. त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जमवलेल्या कागदांचे जतन व्हावे, या हेतूने पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२७ मध्ये, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. त्याआधी १८९३ पासून धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभेचे कार्य सुरू होते. या सभेचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ रामदास व रामदासी परंपरेची हस्तलिखिते मिळवली आणि त्यांतून समर्थ वाग्देवता मंदिराचा संग्रह उभा राहिला. एका जिल्ह्याच्या गावात असे दोन संग्रह असणे ही खानदेशाच्या सांस्कृतिक इतिहासातील महत्त्वाची बाब होय.

कागद मिळवणे, तो वाचणे आणि छापणे हे साधनसंशोधनाचे पहिले तीन टप्पे मानले, तर संगणकीय जतन हा चौथा टप्पा ठरतो. या टप्प्यावर केवळ छायाचित्र घेऊन भागत नाही. कागदातील मायना कोठे संपतो, मजकूर कोठे सुरू होतो, मिती कोणती आणि साक्षी कोण, हे यंत्राला ओळखता आले तरच शेकडो कागदांत एकाच वेळी शोध घेता येतो. त्यासाठी मजकुराला खुणा घालाव्या लागतात आणि त्या खुणांचे नियम आराखड्यात लिहावे लागतात. हे नियम संगणकतज्ज्ञाने एकट्याने ठरवण्याची बाब आहे, असा समज आढळतो. वस्तुतः कागदाची घटना कशी असते, हा प्रश्न मुळात इतिहासाचा आहे.

उद्दिष्टे

१. मोडी कागद, शिलालेख व बाडे यांतील घटकांचा क्रम आणि पुनरावृत्ती यांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. एक्सएमएल आराखड्यांमध्ये लवचीक क्रम व पुनरावृत्ती व्यक्त करण्याच्या सोयींचा इतिहास मांडणे.
३. या दोहोंच्या तुलनेतून साधनांच्या संगणकीय संपादनासाठी काही तत्त्वे सुचवणे.

कागदांची घटना

मराठेकालीन पत्राला ठरीव सांगाडा असतो. माथ्यावर श्रीकार, त्याखाली पत्र ज्याला लिहिले त्याच्या योग्यतेनुसार मायना, मग लिहिणाराचे नाव व नमस्कार, 'विशेष' या शब्दापासून मुख्य मजकूर, शेवटी 'बहुत काय लिहिणे' यासारखा समाप्तीचा शब्दप्रयोग, मिती आणि अधिकृत पत्र असल्यास शिक्का व मोर्तब. वरच्या दर्जाच्या व्यक्तीला एक मायना आणि हाताखालच्या अंमलदाराला दुसरा, हा भेद इतका पक्का असे की केवळ मायन्यावरून लिहिणारा व ज्याला लिहिले तो यांचे परस्परसंबंध ओळखता येतात.

तथापि हा सांगाडा सर्वत्र एकसारखा नाही. मितीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. खाजगी पत्रात मिती बहुधा शेवटी येते. राज्याभिषेक शकाने सुरू होणाऱ्या आज्ञापत्रात ती आरंभी येते. शिवकालीन खुर्दखतांत तर मिती दोन तुकड्यांत विभागलेली दिसते. अरबी संख्याशब्दांतील सुहूर सनाचे वर्ष वर, मायन्याच्या जवळ असते आणि 'छ' या अक्षराने दर्शवलेला चंद्र व मुसलमानी महिना कागदाच्या तळाशी असतो. म्हणजे एकाच कागदात मिती हा घटक दोनदा, दोन ठिकाणी आणि दोन वेगवेगळ्या रूपांत येतो. याउलट अनेक पत्रांत चंद्र व महिना असतो, पण वर्ष मुळीच नसते. ते संपादकाला मजकुरातील घडामोडींवरून ठरवावे लागते. म्हणूनच १८९८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेत पत्राच्या माथ्यावर छापलेली तारीख आणि पत्रातील मूळ मिती या दोन भिन्न गोष्टी मानाव्या लागतात. पहिली संपादकाचे अनुमान आहे, दुसरी कागदाची साक्ष आहे.

महजराचे स्वरूप वेगळे आहे. गोतसभेपुढे आलेल्या वतनाच्या तंट्याचा हा निवाडा असल्याने त्यात हजर असलेल्यांची नामावळ, वादी-प्रतिवादींच्या तकरीरी, साक्षी, निर्णय आणि निशाण्या असे घटक असतात. नामावळीत किती नावे यावीत याला मर्यादा नसते. तकरीर किमान एक तरी असावीच लागते. पाटलाच्या नावाशी नांगराची निशाणी येते, तसेच इतर वतनदार व बलुतेदार आपापल्या व्यवसायाच्या खुणा करतात. येथे पुनरावृत्ती हाच कागदाचा प्राण आहे. किती माणसांनी आणि कोणत्या क्रमाने साक्ष दिली, यावर निवाड्याचे वजन ठरत असे. नामावळीतील क्रमालाही अर्थ होता, कारण मानपानाचा अग्रक्रम त्यातून प्रकट होई.

हिशेबी कागदांत पुनरावृत्ती एकात एक गुंतलेली असते. आधी एकूण रक्कम, मग 'बितपशील' म्हणून तिची फोड, त्या फोडीतील एखाद्या रकमेची पुन्हा 'पैकी' म्हणून फोड, अशी उतरंड लागते. आजच्या पद्धतीप्रमाणे बेरीज तळाशी येत नाही, ती वर येते. कारकून बदलला तरी ही रीत फारशी बदलत नाही.

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळचा पाटणे येथील शिलालेख या कागदांहून कित्येक शतके जुना आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांच्या नजरेस आणला. शके ११२८ चा हा लेख गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी स्थापन केलेल्या मठासंबंधी आहे. त्यात यादव व निकुंभ या राजकुलांचे वर्णन आहे. भास्कराचार्यांच्या घराण्याची पिढ्यानुपिढ्यांची नावे आहेत, दानाचा तपशील आहे, आणि मुख्यतः संस्कृत असलेल्या या लेखाच्या अखेरीस बाजारपेठेतील व्यवहारांतून मठाला मिळावयाच्या उत्पन्नाचा उल्लेख मराठीत आहे. वंशावळ हा घटक येथे एकाहून अधिक वेळा येतो आणि प्रत्येक वंशावळीत 'पिढी' हा पोटघटक अनेकदा येतो. भाषा बदलते ते ठिकाणही अर्थपूर्ण आहे. राजकुल व विद्याकुल यांचे वर्णन संस्कृतात आहे आणि ज्या देण्यांची अंमलबजावणी गावच्या व्यापाऱ्यांनी करावयाची, ती त्यांना समजणाऱ्या भाषेत आहे. मराठी भाग लेखाच्या अखेरीस आहे ही माहिती जतन झाली नाही, तर लेखाचा अर्धा सामाजिक आशय हरवतो.

बाडांमध्ये क्रमाचे बंधन जवळजवळ नाहीसे होते. बाडात अभंग, पदे, आरत्या, श्लोक, क्वचित औषधाची माहिती किंवा देण्याघेण्याची नोंद अशी सामग्री लिहिणाऱ्याच्या सोयीने एकापाठोपाठ येते. त्याच परंपरेतला दासबोध मात्र काटेकोर रचनेचा आहे. त्यात वीस दशक आणि प्रत्येक दशकात दहा समास आहेत. एकाच ग्रंथालयातील दोन शेजारच्या वेष्टनांत रचनेची ही दोन टोके सापडतात. शिवाय 'जुना दासबोध' या नावाने ओळखली जाणारी एकवीस समासांची रचना आहेच. 'दासबोध म्हणजे वीस गुणिले दहा' असा नियम आराखड्यात घातला, तर ही जुनी रचना दासबोध म्हणून नोंदलीच जाणार नाही.

या सर्वांच्या तुलनेत इंग्रजी अमदानीतील लेखन ठरीव चौकटीचे आहे. १८८० चे खानदेश गॅझेटिअर पाहिले, तर भूवर्णन, उत्पादन, लोकसंख्या, शेती अशा ठरलेल्या प्रकरणक्रमाने ते चालते आणि मुंबई इलाख्यातील इतर जिल्ह्यांचे खंडही सामान्यतः याच चालीवर आहेत. अशा लेखनासाठी आराखडा बांधणे सोपे असते. अडचण येते ती देशी कागदांच्या बाबतीत.

आराखड्यांचा इतिहास

मजकुराला खुणा घालण्याच्या पद्धतीचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक एसजीएमएल या नावाने १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील दस्तऐवज प्रकार व्याख्येत, म्हणजे डीटीडीत, घटकांमधील संबंध तीन चिन्हांनी दाखवता येत. स्वल्पविराम म्हणजे दिलेल्या क्रमानेच, उभी रेघ म्हणजे यांपैकी एक आणि '&' म्हणजे सर्व, परंतु कोणत्याही क्रमाने. पुनरावृत्तीसाठी आणखी तीन चिन्हे होती. '?' म्हणजे असल्यास एकदा, '*' म्हणजे शून्य किंवा अनेकदा आणि '+' म्हणजे किमान एकदा. यांतील ताऱ्याचे मूळ स्टीफन क्लीनी या तर्कशास्त्रज्ञाच्या १९५० च्या दशकातील संशोधनात आहे.

१० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएलची पहिली आवृत्ती मानक म्हणून स्वीकारली गेली. एसजीएमएल समजून घेणारी आज्ञावली लिहिणे अवघड होते, म्हणून नवी भाषा मुद्दाम आटोपशीर ठेवण्यात आली. या छाटणीत '&' हे चिन्ह गेले. परिणामी 'सर्व घटक हवेत, क्रम कोणताही चालेल' हे सांगण्याचा सरळ मार्ग उरला नाही. तीन घटक असतील तर सहा क्रम लिहून काढता येतात. चार घटकांचे चोवीस होतात, पाचांचे एकशे वीस आणि सातांचे पाच हजार चाळीस. एवढे पर्याय हाताने लिहिणे व्यवहारात अशक्य होय.

यावर काढलेली पळवाट म्हणजे सर्व घटक उभ्या रेघांनी जोडून बाहेर तारा लावणे :

(श्रीकार | मायना | मिती | मजकूर | शिक्का)*

हा नियम कोणताही क्रम मान्य करतो आणि बाडासाठी अशीच रचना योग्य आहे. पण पत्रासाठी तो निरुपयोगी ठरतो. पाच मायने असलेला आणि मजकूर नसलेला कागदही या नियमात बसतो. सर्व काही स्वीकारणारा नियम काहीच तपासत नाही.

२ मे २००१ रोजी एक्सएमएल स्कीमा हे दुसरे मानक आले. त्यात 'मिनऑकर्स' व 'मॅक्सऑकर्स' या गुणधर्मांनी पुनरावृत्तीची किमान व कमाल संख्या नेमकी सांगता येऊ लागली. वीस दशक व दहा समास हे आता थेट लिहिता आले. काहीच सांगितले नाही, तर दोन्ही मूल्ये एक धरली जातात. क्रमासाठी 'सिक्वेन्स', पर्यायासाठी 'चॉइस' आणि मुक्त क्रमासाठी 'ऑल' असे तीन गट मिळाले. म्हणजे '&' चे काम मर्यादित स्वरूपात परत आले. मर्यादा अशी की 'ऑल' गटातील प्रत्येक घटक फार तर एकदाच येऊ शकत असे आणि हा गट इतर गटांच्या पोटात ठेवता येत नसे. महजरात क्रम काही अंशी मुक्त आणि साक्षी अनेक असतात. नेमके हेच त्या मानकाला सांगता येत नव्हते.

त्याच वर्षी, डिसेंबर २००१ मध्ये, जेम्स क्लार्क व मुराता माकोतो यांच्या पुढाकाराने रिलॅक्स एनजी ही पर्यायी आराखडाभाषा पुढे आली. तिच्यात '&' चे चिन्ह 'इंटरलीव्ह' या नावाने पुन्हा आले. या चिन्हाने जोडलेले घटक एकमेकांत मिसळू शकतात आणि प्रत्येकाची पुनरावृत्तीही स्वतंत्रपणे सांगता येते :

नामावळ & तकरीर+ & साक्ष* & निर्णय

पुढे ५ एप्रिल २०१२ रोजी एक्सएमएल स्कीमाची १.१ ही आवृत्ती मान्य झाली आणि 'ऑल' गटातील घटकांना एकाहून अधिक वेळा येण्याची मुभा मिळाली. तरीही हा गट अनुक्रमाच्या पोटात बसवण्याची सोय झाली नाही. १९९८ मध्ये साधेपणासाठी गमावलेली लवचीकता अंशतः परत मिळण्यास अशी चौदा वर्षे लागली.

जीर्ण कागदाची कसोटी

क्रम व पुनरावृत्ती यांच्या नियमांवर आणखी एक बंधन आहे. वाचक यंत्राला पुढे न डोकावता, समोर आलेला घटक नियमातील कोणत्या जागेचा आहे हे निश्चित ठरवता आले पाहिजे. डीटीडी व एक्सएमएल स्कीमा या दोहोंत हे बंधन आहे. ते तांत्रिक वाटले तरी इतिहाससंशोधनाशी त्याचा थेट संबंध येतो. पत्राचा पुढील नियम पाहता येईल :

(श्रीकार?, मायना, मिती?, मजकूर+, समाप्ती?, मिती?, शिक्का*)

मिती मायन्याखाली किंवा तळाशी किंवा दोन्हीकडे येऊ शकते, हे येथे नीट सांगितले आहे. मजकूर किमान एकदा असलाच पाहिजे, त्यामुळे मजकुराआधीची मिती पहिली आणि नंतरची दुसरी, यात संदिग्धता राहत नाही. आता असा कागद हाती आला की ज्याचा मधला भाग कसरीने खाल्ला आहे आणि केवळ मायना व एक मिती शिल्लक आहे. त्याला सामावून घेण्यासाठी 'मजकूर+' ऐवजी 'मजकूर*' लिहिले की नियमच अवैध होतो. समोरची मिती वरची की खालची, हे यंत्राला ठरवता येत नाही.

संपादकालाही नेमका हाच प्रश्न पडतो. तो कागदाच्या फाटक्या कडा, अक्षराची ठेवण आणि शिल्लक जागा पाहून निर्णय घेतो. यंत्राची अडचण येथे संपादकाला आपला निर्णय स्पष्टपणे नोंदवण्यास भाग पाडते. त्याचे तीन मार्ग संभवतात. पहिला, वरच्या व खालच्या मितीला 'वर्षमिती' व 'चंद्रमिती' अशी भिन्न नावे देणे. एक्सएमएल स्कीमात एकाच गटातील एका नावाच्या दोन घटकांना दोन वेगळे प्रकार देता येत नाहीत, त्यामुळे खुर्दखतासाठी हा मार्ग तसाही आवश्यक ठरतो. दुसरा, नष्ट झालेल्या भागासाठी 'खंडित' असा घटक ठेवणे, म्हणजे मजकुराची जागा रिकामी न राहता तिची हानी नोंदली जाते. तिसरा, रिलॅक्स एनजीचा वापर करणे, कारण तिच्यात हे बंधन नाही. यांपैकी दुसरा मार्ग इतिहासाच्या शिस्तीला सर्वांत जवळचा आहे. जे नाही ते 'नाही' असे नोंदवणे हे साधनसंपादनाचे मूळ तत्त्व आहे.

क्रम हा पुरावा

आराखडा आणि कागद यांच्यात विसंगती आढळली तर कोणाला बदलावे, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. व्यापारी उपयोगात उत्तर सोपे असते. नमुन्यात न बसणारे बीजक परत पाठवले जाते. इतिहासात तसे करता येत नाही. वतनाच्या तंट्यांत बनावट कागद हजर केले जात आणि आजही संशोधक बनावट कागद ओळखताना मायना त्या काळाला व त्या व्यक्तीच्या दर्जाला साजेसा आहे का, मिती योग्य पद्धतीची आहे का, शिक्का व मोर्तब ठरल्या जागी आहे का, हे पाहतो. म्हणजे क्रमातील अनियम हाच कधी कधी निर्णायक पुरावा असतो. नोंद करणाऱ्याने आराखडा 'चूक' दाखवतो म्हणून तळाची मिती वर नेली किंवा दोन मितींची एक केली, तर तो पुरावा नकळत पुसला जातो. मूळ कागद पुढे नष्ट झाला तर ही हानी कायमची होते.

अतिशय सैल आराखड्यातही धोका आहेच. त्यात नोंदणाऱ्याच्या खऱ्या चुका, उदाहरणार्थ मायना मजकुरात मिसळणे किंवा एखादी साक्ष गळणे, पकडल्या जात नाहीत. म्हणून दोन थरांची मांडणी उचित ठरते. पहिल्या थरात कागद जसा आहे तसा, मुक्त क्रमाने नोंदवावा. दुसऱ्या थरात त्या प्रकारच्या कागदाची सर्वसाधारण रीत नियमरूपाने लिहावी आणि रीतीपासून ढळणाऱ्या कागदांची केवळ यादी काढावी. त्यांत बदल करू नये. रिक जेलिफ यांनी १९९९ मध्ये मांडलेली स्कीमाट्रॉन ही पद्धत अशा तपासणीस उपयुक्त आहे, कारण तिच्यात नियम मोडल्यावर मराठीत सूचना देण्याचीही सोय करता येते. अशी यादी संशोधकाच्या दृष्टीने चुकांची यादी नसून पुढील अभ्यासाची विषयसूची होय.

घटकांची नावे देवनागरीत ठेवण्यास १९९८ पासूनच अडथळा नाही. २००८ च्या पाचव्या आवृत्तीने नावांतील चिन्हांबाबतचे नियम आणखी सैल केले. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाल्याने मूळ लिपीतील पाठ व त्याचे देवनागरी लिप्यंतर शेजारी ठेवणेही शक्य झाले आहे. 'मायना', 'बितपशील', 'मोर्तब' या संज्ञांना इंग्रजी प्रतिशब्द शोधून अर्थ बिघडवण्याची गरज राहिलेली नाही.

निष्कर्ष

१. मराठेकालीन कागदांची घटना पूर्णतः ठरीव नाही आणि पूर्णतः मुक्तही नाही. प्रत्येक कागदप्रकाराचा क्रम व पुनरावृत्ती स्वतंत्रपणे तपासून आराखडा ठरवावा लागतो.
२. मुक्त क्रम व पुनरावृत्ती एकत्र व्यक्त करण्याची सोय एसजीएमएलमध्ये होती. एक्सएमएलच्या पहिल्या टप्प्यात ती गेली, रिलॅक्स एनजीने २००१ मध्ये आणि एक्सएमएल स्कीमाने २०१२ मध्ये अंशतः ती परत दिली. साधनांच्या संपादनासाठी रिलॅक्स एनजी अधिक सोयीची ठरते.
३. खंडित कागदासाठी नियम सैल करण्यापेक्षा हानीची नोंद करणारा घटक ठेवणे श्रेयस्कर आहे.
४. संपादकाने ठरवलेली तारीख व कागदातील मिती यांना स्वतंत्र घटक द्यावेत.
५. आराखड्यात न बसणारा कागद दुरुस्त करू नये. आराखड्यात न बसणे हीच त्याच्याविषयीची माहिती म्हणून जतन करावी.

खानदेशातील महाविद्यालयांत इतिहास, मराठी व संगणकशास्त्र हे विभाग बहुधा एकाच इमारतीत असतात, परंतु त्यांच्यात देवघेव क्वचित होते. मोडी वाचणारा अध्यापक आणि आराखडा लिहिणारा अध्यापक एका मेजाशी बसले, तर धुळ्यातील दप्तरांचे संगणकीय संपादन त्या कागदांच्या स्वभावाला धरून होऊ शकेल. मोडी जाणणारी पिढी विरळ होत असताना हे काम लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.